एकाच पैलवानाची सात नावं

अण्णा सोलापूरहून परत आले आणि दुकानाच्या दारातच त्यांनी मला "मॅडम" म्हणून हाक मारली. मी मनात म्हटलं, झालं, काहीतरी बिनसलं. अण्णांचा तेरखेड्याला फटाक्यांचा लहानसा कारखाना. ते खूश असले की मला "ताई" म्हणायचे आणि रागावले की "मॅडम".

मी तेव्हा येरमाळ्यात एका डीटीपी सेंटरवर कामाला होते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, बारशाची निमंत्रणं, आणि दसरा जवळ आला की फटाक्यांच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं. दुकान चाचांचं. चाचा साठीचे, सगळी हयात स्क्रीन प्रिंटिंगच्या शाईत गेलेली. दुकानात दोन कॉम्प्युटर त्यांनीच आणले होते, पण माऊसला हात लावायचा म्हटलं की तापलेल्या तव्याला लावावा तसा लावायचे.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "पैलवान कुठं हाय?"

आदल्या दिवशी त्यांच्या लेबलाचं डिझाइन पक्कं झालं होतं. लाल लंगोट, खांद्यावर गदा, भरदार मिशा, असा पैलवान. सोलापूरच्या छापखान्यात द्यायला मी तो पेनड्राइव्हवर टाकून दिला. आमचं इंटरनेट म्हणजे खिडकीच्या गजाला बांधलेलं डोंगल, त्यावरून एवढी मोठी फाइल जाणं अशक्य. म्हणून अण्णा स्वतः एसटीनं गेले. तिथल्या ऑपरेटरनं पेनड्राइव्ह लावला, पैलवानावर दोनदा क्लिक केलं, आणि कॉम्प्युटर म्हणाला की ही वस्तू सापडत नाही.

मी पेनड्राइव्ह आमच्या मशीनला लावून बघितला आणि माझे कान गरम झाले. पैलवानाच्या नावाखाली होती एक केबीची फाइल. खालच्या कोपऱ्यात वाकडा बाण. खरी फाइल डी ड्राइव्हच्या पोटात तशीच होती. डेस्कटॉपवर मी सोयीसाठी तिचा शॉर्टकट करून ठेवला होता, आणि घाईत तोच उचलून पेनड्राइव्हवर टाकला होता.

चाचांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. मी त्यांना हळूच खरं सांगितलं. ते अण्णांकडं वळून शांतपणे म्हणाले, "अण्णा, पैलवान इथंच हाय. तुमच्यासंगं त्याचा पत्ता गेला."

"पत्ता? अख्खा दिवस घालवून मी नुसता पत्ता घेऊन गेलतो व्हय?"

"आणि पत्तापण आमच्याच घरचा," चाचा म्हणाले. "तिथं कसा सापडणार?"

मी हसू दाबायला वाकून प्रिंटरमध्ये कागद भरू लागले. प्रिंटरमध्ये कागद आधीच गच्च भरलेला होता.

अण्णांनी चहा घेतला, थोडे निवळले, आणि मग त्यांच्या तोंडून ते वाक्य आलं, ज्यानं माझं पुढचं वर्ष खाल्लं. "न्हाय छापलं तेच बरं झालं. येताना गाडीत विचार केला. पैलवानाची नजर काय बराबर न्हाय."

त्या दिवाळीला त्यांनी जुनंच लेबल लावलं. आणि नजर बरोबर करायला दर पंधरवड्याला येऊ लागले. डोळे मोठे करा. आता बारीक करा. भुवया जवळ आणा. मान थोडी वळवा. गदा डाव्या खांद्यावर घ्या. न्हाय, उजव्याच बरी होती. मी केलेलं प्रत्येक डिझाइन ते हाताची घडी घालून बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "जवळ आलाय. पर ह्यो त्यो न्हाय."

"त्यो म्हणजे कोण, अण्णा?"

"मला ठाव हाय," एवढंच म्हणायचे.

दरम्यान आमच्या विंडोजवाल्या मशीनला गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून एक व्हायरस लागला. लग्नाचे फोटो घेऊन कुणी येणार, पेनड्राइव्ह लावणार, आणि बघता बघता सगळे फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी बाणवाले शॉर्टकट. खरे फोल्डर लपलेले असायचे, पण गिऱ्हाइकाला ते कोण सांगणार? एका नवरदेवाला वाटलं, आम्ही त्याचा साखरपुडा पुसला. चाचा वैतागले. "बेटा, जिकडं बघावं तिकडं बाणच बाण. ह्याला काय इलाज?"

मी बार्शीला कॉलेजात असताना लिनक्सवर थोडं शिकले होते. दुसऱ्या मशीनवर तेच टाकलं. चाचांना आधी पटेना. पण एक महिना गेला, कुठल्याही पेनड्राइव्हनं त्या मशीनला काही केलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःहून त्याच्या मॉनिटरवरची धूळ पुसली. चाचांच्या लेखी हा मोठा सन्मान होता.

त्याच मशीनवर मला एक नवी गोष्ट कळली. पत्रिकांचे आमचे साचे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये होते आणि प्रत्येकाला आपल्या फोल्डरात गणपतीचं चित्र लागायचं. विंडोजवर एकदा मी जागा वाचवायला त्या चित्राचा शॉर्टकट तिथं ठेवून बघितला होता. डिझाइनचं सॉफ्टवेअर अडून बसलं. त्याच्या दृष्टीनं ते चित्रच नव्हतं, कसली तरी दुसरीच बारकी फाइल होती. शॉर्टकटवर आपण क्लिक केलं तर विंडोज आपल्याला मूळ जागी नेतं, पण बाकीच्या सॉफ्टवेअरला त्याचं काही सोयरसुतक नसतं. लिनक्सवर मात्र मी हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहून गणपतीचा दुवा केला, सिम्बॉलिक लिंक म्हणतात ती, आणि सॉफ्टवेअरनं तो गणपती निमूट उचलला. त्याला कळलंच नाही की हा गणपती दुसऱ्या फोल्डरात बसलाय. तिथं दुव्याची उठाठेव खुद्द यंत्रणाच करते, सॉफ्टवेअरला फक्त फाइल दिसते.

मला इतका आनंद झाला की मी चाचांना बोलावून दाखवलं. त्यांना त्यातलं एकच कळलं. बाण इथंही आहे.

"हा पण बाणच की," ते संशयानं म्हणाले आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी डिलीटचं बटण दाबलं. मी त्यांना मूळ चित्र दाखवलं. ते जागच्या जागी होतं. चाचा खूश. "म्हणजे काढलं तरी राहतंय की!" दोन दिवसांनी ह्याच भरवशावर त्यांनी एका पत्रिकेची मूळ फाइल पुसली आणि वर कचरापेटीही रिकामी केली. तिचा दुवा डेस्कटॉपवर होता, तो राहिला, पण उघडायला गेलं तर आत काही नाही. नवरीचे मामा दारात उभे, आणि मी सगळी पत्रिका पहिल्यापासून पुन्हा टाइप करतेय. चाचा माझ्या शेजारी स्टुलावर बसून मामांना वाचून दाखवायला लावत होते, आणि मामांना निम्मी नावं आठवत नव्हती.

तोवर पुढचा दसरा जवळ आला आणि अण्णांच्या फेऱ्या वाढल्या. एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "मॅडम, सात नमुने करा. सातातला एक तरी जमंल."

मी त्या आठवड्यात तीन लग्नं, एक हरिनाम सप्ताह आणि एका सहकारी पतपेढीचा वार्षिक अहवाल करत होते. अण्णा गेल्यावर मी लिनक्सच्या मशीनवर बसले. एक नवा फोल्डर केला. त्यात पैलवान-एक, पैलवान-दोन, असं करत पैलवान-सात. सातही दुवे. सातही एकाच जुन्या फाइलीकडं जाणारे. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सातही बाण मोजले. मग त्यांची दाढी हलू लागली. "तौबा," ते म्हणाले. "बेटा, अण्णा जुने गिऱ्हाईक हायत." आणि लगेच, "कधी येणार म्हणाले?"

अण्णा आले ते लेकीला घेऊन. ती पुण्याला इंजिनिअरिंगला होती, सुटीला घरी आली होती. अण्णा म्हणाले, "हिला कॉम्प्युटरमधलं कळतंय, म्हणून आणली." आता माघार कशी घेणार? मी पहिला पैलवान उघडला. मग दुसरा. मग तिसरा. एका वेळी एकच, पूर्ण पडदाभर.

अण्णांनी पहिल्याला नापास केलं. "ह्यो झोपंतून उठल्यावानी दिसतोय." दुसरा त्यांना रागीट वाटला. तिसऱ्यापाशी थांबले. "ह्यो बरा हाय. गरीब हाय, पर बरा हाय. बारक्या खोक्यावर चालंल." चौथ्याच्या छातीत दम नव्हता म्हणे. आणि पाचवा उघडला तसे ते खुर्चीतून उठले.

"ह्यो!" अण्णा म्हणाले. "बघा चाचा, ह्याच्या नजरंत बघा. हितं माणूस हाय."

चाचा "हौ, हौ" करत घाईघाईनं बाहेर गेले. म्हणाले पान खातो. बाहेर ते कठड्याला धरून उभे होते आणि त्यांची पाठ हलत होती, हे मला काचेतून दिसत होतं.

अण्णांनी सहावा आणि सातवा बघितलाही नाही. तिथंच सगळं सुखानं संपलं असतं. पण ते म्हणाले, "ह्या पाचव्याची मिशी तेवढी वर पिळा. आणि तिसरा हाय तसाच ठिवा."

मीही इतकी रंगात आले होते की पाचवा उघडला, मिशीची टोकं वर वळवली आणि सेव्ह केलं. अण्णा म्हणाले, "झकास. आता त्यो तिसरा शेजारी लावा बरं."

बटण दाबल्यावर मला आठवलं की आपण काय केलंय. तिसरा उघडला. त्याचीही मिशी वर.



"ह्याची मिशी कुणी पिळली?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा," मी म्हटलं, "दोघं एकाच तालमीतले असतील."

त्यांची लेक इतका वेळ फोल्डरमधल्या सात बाणांकडं टक लावून बघत होती. ती आता फिसकन हसली आणि तोंडावर ओढणी धरली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि स्वतःच माऊस घेऊन चौथा उघडला. मिशी वर. पहिला उघडला. झोपेतून उठलेल्याचीही मिशी वर. तेवढ्यात पान न खाताच आत आलेले चाचा दारातच थांबले.

"मॅडम," अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमी मला येडा केलं."

ते बाहेर गेले आणि मोटारसायकलपाशी पाठमोरे उभे राहिले. लेक मागं थांबली. मला वाटलं, ही आता चार शब्द सुनावणार. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, सिमलिंक ना? मस्त! माझ्या मैत्रिणीकडं मॅक आहे, त्यात एलियास म्हणून असतं. मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली तरी ते तिला शोधून काढतं. तुमच्या ह्या दुव्याला तेवढी अक्कल नाही, त्याला फक्त रस्ता पाठ. विंडोजमध्येपण असा खरा दुवा करता येतो, हुकूम टाइप करून. लोकांना माहीत नसतं."

मी म्हटलं, "अगं, तुझे वडील रागावून बाहेर उभे आहेत आणि तू मला मॅक सांगतेस?"

तिचा चेहरा बदलला. "ताई, तो पैलवान म्हणजे माझा आजा. जत्रेतल्या फडावर कुस्त्या मारायचा. अण्णा नऊ वर्षांचे होते तेव्हा वारला. घरात त्याचा एकपण फोटो न्हाय. म्हणून त्यांचं पटत न्हाय कशावर."

ती वडिलांच्या मागं बसून गेली.  वर्षभर मी त्या माणसाला कटकट्या म्हणत होते, घरी नवऱ्यापुढं त्याची नक्कल करत होते. मला स्वतःची लाज वाटली. चाचा म्हणाले, "चूक दोघांची. पान खायला मी गेलतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तेरखेड्याला गेलो. अण्णा ओट्यावर बसून सुतळी मोकळी करत होते. उठले नाहीत, पण बसा म्हणाले. मी माफी मागितली. सगळं सरळ सांगितलं, सात नावं कशी केली, मूळ फाइल एकच कशी, एकाला हात लावला की सगळ्यांना कसा लागतो.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पाचव्यात मला जे दिसलं, ते पयल्यातबी व्हतं?"

"हो," मी म्हटलं.

"मग मला पयल्यात का न्हाय दिसलं?"

 चाचांनी खिशातून सुपारी काढून पुढं केली. अण्णांनी ती घेतली. मग तेच बोलू लागले. वडील सोनारीच्या भैरवनाथाच्या जत्रेतून आले की त्यांच्या अंगाला माती असायची. ते पोराला खांद्यावर बसवायचे. पोरगं पडू नये म्हणून त्यांचे कान धरायचं.

"कान कसे होते?" मी सहज विचारलं.

"पैलवानाचे असत्यात तसे. मोडल्याले." अण्णांनी दोन्ही मुठी डोक्याच्या बाजूंना धरून दाखवल्या. "भज्यावानी. धरायला लई सोपे."

मी आणि चाचांनी एकमेकांकडं बघितलं. वर्षभर आम्ही डोळे, भुवया, मान, मिशी, गदा सगळं बदललं होतं. आमच्या पैलवानाचे कान मात्र पहिल्या दिवसापासून एखाद्या बँकेतल्या क्लार्कसारखे सपाट, सुबक होते.

दुकानात परत आल्यावर मी आधी मूळ फाइलीची खरीखुरी प्रत केली, मग कान काढायला घेतले. चाचांनी शेजारी बसून सूचना दिल्या, कारण त्यांचे एक मेहुणे तालमीत असायचे. डावा कान जास्त सुजलेला, उजवा थोडा कमी. मिशी खाली आणली. डोळ्यांना हात लावला नाही. संध्याकाळी अण्णा आले, लेकीसह. मी पडदा त्यांच्याकडं वळवला.

ते जवळ गेले. पडद्यावरच्या डाव्या कानावर त्यांनी अंगठा ठेवला, आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. लेक माझ्याकडं बघून नाक ओढत होती. चाचा पुन्हा पान खायला बाहेर गेले.

मग अण्णा माझ्याकडं वळले. "ताई," ते म्हणाले, "ह्येच छापा. पर एक काम करा. माझ्या देखत पेनड्राइव्हवर टाका, आणि हिच्या लॅपटॉपवर उघडून दावा. तुमचा काय भरवसा न्हाय."

आम्ही उघडून दाखवलं. त्यांनी फाइलीचं वजनही वाचायला लावलं, आणि एवढं आहे म्हटल्यावर समाधानानं मान डोलावली.

लेबलं वेळेत छापून आली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अण्णांनी आमच्या घरी एक मोठं खोकं पाठवलं. आमची म्हैस तेव्हा व्यायला झाली होती, त्यामुळं सासूबाईंनी अंगणात एकही फटाका वाजवू दिला नाही. तुळशीच्या लग्नाला आम्ही ते शेजाऱ्यांच्या वावरात नेऊन उडवले. खोकं मात्र सासूबाईंनी ठेवून घेतलं. त्यात त्या वाती ठेवतात. कुणी विचारलं, हा कोण, तर सांगतात, "कुणाचा कोण माहीत न्हाय, पर मानूस चांगला दिसतोय."